हाताशी आहे त्यातून: कोल्हापुरातला एक चविष्ट दिवस

काही सुचेनासे झाले की माणसे डोंगरात जातात, समुद्राकाठी बसतात. ज्यांना लिहायचे आहे, चित्र काढायचे आहे, नवा धंदा उभा करायचा आहे किंवा निदान घरच्या स्वयंपाकात काही वेगळे करून पाहायचे आहे, त्यांना मी कोल्हापूरला जायला सांगेन. तेही सकाळी, रिकाम्या पोटी.

अंबाबाईचे दर्शन, पन्हाळा, जोतिबा आणि परतताना चपलांचा जोड एवढ्यावर बहुतेकांचे कोल्हापूर आटोपते. पण या शहरात एक दिवस फक्त खात, बघत, पायी फिरावे. इथले खाणे आणि इथली कला एकाच रीतीने घडलेली दिसते. जे हाताशी आहे तेच घ्यायचे, त्याच्याशी रोज नव्याने झुंजायचे आणि जाणकारांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचे, ही ती रीत. तांबड्या रश्श्यापासून सिनेमाच्या कॅमेऱ्यापर्यंत या गावाने जे जे केले, ते असेच केले आहे.

सकाळ: उद्यमनगरातला कट

दिवसाची सुरुवात शिवाजी उद्यमनगरात करावी. ही वस्ती लेथ, फाउंड्री आणि सुट्या भागांची. कारखान्यांची शटर वर जात असतात आणि त्याच गल्ल्यांमध्ये मिसळीच्या दुकानांपुढे माणसे ताटकळत उभी असतात. फडतरे यांची मिसळ इथलीच. कसबा बावड्याची मिसळ वेगळी, खासबागेजवळची आणखी वेगळी. आपापल्या दुकानावर जीव टाकणारे कोल्हापूरकर या वादात तासभर सहज घालवतात.

खरे तर सगळीकडे सामान तेच. मोड आलेली मटकी, फरसाण, कांदा, लिंबू आणि सोबत पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस. फरक पडतो तो कटात. कांदा, सुके खोबरे, आले-लसूण आणि घरची चटणी परतून केलेला हा पातळ, तेलाची लाल साय धरलेला रस्सा म्हणजे त्या दुकानाची सही. कुणी खोबरे जास्त भाजतो, कुणाच्या कटात गरम मसाला पुढे येतो, कुणाचा तिखटपणा घास गिळल्यावर मागून चढतो. शेजारी बसलेला माणूस पहिल्या घोटात सांगतो, "आज कट जरा हलका पडलाय." मालक ऐकतो आणि मान हलवतो. चाखणारा इतका तयार असला की करणाऱ्याला सैल पडायची सोय उरत नाही.

सोबत मित्र असतील तर एकाच सकाळी दोन दुकानांत एकेक मिसळ वाटून खावी आणि दोन्ही कटांत काय काय वेगळे लागले ते वहीत लिहून काढावे. बघण्याचा आणि नेमके शब्द शोधण्याचा याहून चवदार सराव मला माहीत नाही.

खरी कॉर्नर: घडवलेला कॅमेरा

पोट भरले की खरी कॉर्नरकडे चालत यावे. इथे कॅमेऱ्याचा एक स्मृतिस्तंभ आहे. येणारे-जाणारे त्याच्याकडे क्वचित बघतात, पण मराठी सिनेमाची पाळेमुळे या परिसरात आहेत.

बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. जन्म 1890 चा. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना चलच्चित्राने झपाटले. विलायती कॅमेरा आणणे आवाक्याबाहेरचे होते, म्हणून त्यांनी तो स्वतः बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा पुरा केला. आता चित्रपट काढण्यासाठी उभारायच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा हवा होता. तो गायिका तानीबाई कागलकर यांनी दिला. 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले. 1925 चा 'सावकारी पाश' शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट सांगत होता. त्यात तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. पुढे 1929 मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी याच शहरात 'प्रभात' ही चित्रपट कंपनी सुरू केली. ती पुण्याला गेली 1933 मध्ये.

रंगाऱ्याचा हात, मेस्त्र्याची अक्कल, गाणारणीची पुंजी. हे सगळे गावात होतेच. ते एकत्र आणायची हिंमत बाबूरावांनी केली.

दुपार: एका मटणाच्या चार वाटा

आता जेवणाची वेळ. कोल्हापूरचे मटणाचे ताट म्हणजे काटकसरीतून आलेली श्रीमंती. आले-लसूण, हळद, मीठ लावून मटण शिजवले की त्याचे पाणी निघते. त्याला इथे अळणी म्हणतात. लहान मुलांना, आजाऱ्यांना आणि पैलवानांना ही अळणी तशीच वाटीतून मिळते. तिचाच एक भाग नारळाच्या दुधात जातो. त्यात काजू, तीळ, खसखस यांचे वाटण, अख्खा गरम मसाला आणि मिरी पडते, लाल तिखटाला मात्र मज्जाव असतो. हा झाला पांढरा रस्सा. दुसऱ्या भागाला कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि चटणी मिळते, तो तांबडा. उरलेले मटण मसाल्यात परतून सुके होते. एका भांड्यातून चार चवी निघाल्या आणि वाया काहीच गेले नाही.

ही चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळा आला की वर्षाची मिरची घरी येते. रंगासाठी ब्याडगी आणि झणक्यासाठी संकेश्वरी. मिरची उन्हात वाळते, खोबरे, धणे, तीळ, गरम मसाले भाजले जातात आणि सगळे कांडपाला जाते. त्या दिवसांत गल्लीतून जाताना ठसका लागल्याशिवाय राहत नाही. मसाल्याचे प्रमाण घराघरात निराळे असते, सासूकडून सुनेकडे येते आणि सून त्यात आपले काहीतरी मिसळते. बाहेरगावी शिकायला गेलेल्या पोराच्या पिशवीत चटणीचा डबा असतोच. कोल्हापुरी म्हणजे नुसते जाळ तिखट, हा समज बाहेरच्या हॉटेलांनी पसरवला आहे. इथल्या घरात तांबड्याचा तिखटपणा खोबऱ्यावर तोललेला असतो आणि शेजारी पांढरा रस्सा जिभेला निववायला हजर असतो.

खानावळीत रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात. "पावणं, पांढरा घ्या की आजून," असा आग्रह होतो आणि नको म्हटलेले ऐकू येत नाही. शाकाहारी माणसाने खट्टू होऊ नये. भरले वांगे, झुणका, ज्वारीची गरम भाकरी, दही आणि हिरव्या मिरचीचा खर्डा या जेवणालाही तोड नाही.

भाऊसिंगजी रस्ता: एक कप चहा

जेवण जिरवायला भाऊसिंगजी रस्त्याने टाउन हॉलकडे निघावे. तिथल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या या वस्तीचा दूरच्या समुद्रांशी केव्हापासून संबंध होता, ते या मूर्तीतून कळते.

या रस्त्याची मोठी गोष्ट मात्र एका चहाच्या दुकानाची आहे. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या चाकरीत होते. पाण्याला शिवले म्हणून वरच्या जातीच्या नोकरांनी त्यांना मारहाण केली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल सुरू झाले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, अशी कुजबुज गावात चालू होती. महाराज स्वतः तिथे आले, सर्वांसमक्ष चहा प्याले आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही त्यांनी प्यायला लावला.

हजार भाषणांनी जे झाले नसते ते एका कपाने केले. कल्पकता म्हणजे काय, असे कुणी विचारले तर मी आधी हा प्रसंग सांगेन. राजाने नवीन काही आणले नव्हते. चहा रोजचा, कप रोजचा, रस्ताही रोजचाच. कुठे बसून आणि कुणाच्या हातचा प्यायचा, एवढेच त्यांनी बदलले आणि त्या बदलाने माणसाला माणसाशेजारी बसवले.

गुळाची पेठ

शाहूपुरी ही पेठ महाराजांनीच 1895 मध्ये वसवली, गुळाच्या व्यापारासाठी. आज कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. हिवाळ्यात आलात तर रिक्षा करून शहराबाहेरचे एखादे गुऱ्हाळ नक्की गाठावे. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो, खाली चुलवाणात चिपाडे जळत असतात. रस शुद्ध व्हावा म्हणून त्यात भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालतात आणि वर येणारी मळी काढत राहतात. गूळ कधी झाला ते गुळव्या ठरवतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळून बघतो आणि इशारा करतो. मग काहील वाफ्यात ओतली जाते. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळवंडतो, घाई झाली तर धरत नाही. कोमट काकवी भाकरीशी खावी आणि गुळव्याची बोटे बघत उभे राहावे. वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेला अंदाज डोळ्यांनी बघायला मिळण्याच्या जागा आता थोड्याच उरल्या आहेत.

संध्याकाळ: लाल माती, भेळ आणि धारोष्ण दूध

ऊन उतरले की खासबाग. 1902 मध्ये विलायतेला गेलेल्या शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन प्रेक्षागृह पाहिले आणि 1912 मध्ये कोल्हापुरात कुस्तीचे मैदान उभे राहिले. त्यांनी तिथली नक्कल आणली नाही. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे कुठेही बसलेल्या माणसाला डाव दिसावा. तालमीतली माती हळद, तेल, ताक आणि लिंबू घालून तयार करतात. स्वयंपाकघरातलेच जिन्नस पैलवानाच्या अंगाखालीही असतात. त्याचा खुराकही तसाच सरळ: दूध, तूप, मटण आणि खलात घोटलेली बदामाची थंडाई.

मैदानाशेजारीच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. 1915 मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून उघडलेली ही वास्तू 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत भस्मसात झाली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री इथे रडलेली माणसे नुसती नट-नाटककार नव्हती. फेरीवाले, रिक्षावाले, भेळवाले सगळे होते, कारण नाटक सुटल्यावरची गर्दी ही त्यांचीही कमाई आणि त्यांचाही उत्सव होती. पुनर्बांधणी हाती घेतली गेली आहे. ती नेटकी आणि लवकर व्हावी, अशी प्रत्येक रसिकाची इच्छा आहे. तोवर खासबागेच्या खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ खात त्या जागेकडे बघावे. नाटक आणि भेळ हे या गावात एकाच संध्याकाळचे दोन अंक आहेत.

अंधार पडता पडता गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला दूधकट्टा गाठावा. गवळी म्हैस घेऊन येतो आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतो. दुधात पाणी नाही हे सांगायला पाटी लागत नाही. शहर वाढले, गोठे बाहेर गेले, वाहतूक अंगावर येऊ लागली, तसे हे कट्टे आकसत चालले आहेत. ते टिकवायचे तर त्यांना जागा आणि गिऱ्हाईक दोन्ही मिळायला हवे.

शेवटचा थांबा रंकाळा. चित्रकार आबालाल रहिमान यांनी या तळ्याची चित्रे काढली. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा कलावंत कोल्हापुरात परतला आणि 1931 मध्ये जाईपर्यंत इथल्याच पाण्यावरचा, घाटांवरचा, झाडांवरचा प्रकाश रंगवत राहिला. विषयासाठी त्यांना लांब जावे लागले नाही.

जाताना

पुण्याहून कोल्हापूर सुमारे 230 किलोमीटर. रेल्वे, एसटी, विमान सगळी सोय आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा, गुऱ्हाळेही तेव्हाच भरात असतात. दर ठिकाणी थोडेच खावे, जुन्या शहरात पायीच फिरावे, करणाऱ्याला कसे करता ते विचारावे. कोल्हापूरकर हातचे काम थांबवून सांगतात. वही जवळ ठेवावी, कारण माणूस बोलायला लागला की लिहून घेण्यासारखे बरेच निघते.

आणि घरी परतल्यावर लगेच काही मोठे सुचावे अशी घाई करू नये. आपल्या गावात कोणती चटणी कुटली जाते, कोणता कारागीर कशाचा अंदाज बोटांनी घेतो, कुणासोबत बसून आपण अजून चहा प्यायलो नाही, एवढे आधी बघावे. बाबूरावांकडे, गुळव्याकडे आणि शाहू महाराजांकडेही सुरुवातीला याहून जास्त काही नव्हते.