उंच केलेल्या जुन्या जीपची दुरुस्ती

डोंगराळ भागातील शेतकऱ्यांमध्ये जुन्या जीपगाडीला अद्याप मागणी आहे. चारही चाकांना ओढ देणारी, चिखलात सहसा न अडणारी आणि तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजमध्ये खोलता येणारी ही गाडी शेतावर सोयीची पडते. तथापि अशी गाडी बहुधा दोन-तीन मालकांच्या हातून आलेली असते. मधल्या एखाद्या मालकाने हौसेखातर, किंवा भार अधिक भरता यावा म्हणून, तिचे पाटे बदलून ती उंच करून घेतलेली असते. गिऱ्हाईकाला ती रुबाबदार दिसते व किंमतही चढते. तिचा दोष घाटात उतरल्यावाचून कळत नाही.

जुन्नरच्या पश्चिमेकडील वाडीत राहणाऱ्या एका शेतकऱ्याची जीप येथे उदाहरणादाखल घेता येईल. अशा गाड्यांत आढळणारे बहुतेक दोष तिच्यात एकवटले आहेत. भाजीपाल्याचे क्रेट आणि मागे बायको-मुले घेऊन तो घाट उतरू लागला. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येईना. ते हाताने ओढून आणावे लागे. खड्डा आला की चाक स्वतःहूनच एका बाजूस वळे. कठड्याशी गाडी कशीबशी उभी राहिली. त्या दिवसापासून घरच्या माणसांनी तिच्यात बसावयाचे नाकारले.

अशा वेळी मिस्त्री बहुधा स्टेअरिंगची पेटी बदलावयास सांगतो. हा खर्च वाया जाण्याचा संभव फार. आधी गाडीखाली आडवे होऊन पाहणे इष्ट होय. या जीपच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल मूळच्या जवळजवळ दुप्पट लांबीचे होते आणि ते पाट्याच्या पुढच्या टोकास होते. शॅकल लांबविला की ते टोक चासीच्या मानाने खाली जाते, पाटा पुढे झुकतो व त्याच्याबरोबर ॲक्सलही फिरतो. ज्या खिळीभोवती चाक वळते, तिचा वरचा भाग मूळच्या रचनेत सुमारे ३ अंश मागे कललेला असतो. या कलामुळेच वळणानंतर चाक सरळ येते. लांब शॅकलने तो कल खाऊन टाकला होता. म्हणजे दोष पेटीत नव्हताच.

खड्ड्यातील वळण्याचे कारण दुसरे. स्टेअरिंगची पेटी चासीबरोबर उंच गेली आणि ॲक्सल होता तेथेच राहिला. त्यामुळे दोहोंना जोडणारा दांडा तिरपा झाला. चाक वर उचलले गेले की तिरपा दांडा ते ढकलतो. पूर्वीच्या मालकाने यावर उपाय म्हणून दांडा कापून, वाकवून वेल्डिंग केला होता! स्टेअरिंगच्या दांड्याला केलेले असे वेल्डिंग कितीही सुबक दिसो, तो दांडा भंगारातच गेला पाहिजे.

मागील बाजूस मालट्रकचा एक जाड पाटा घातलेला होता. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. रुंदी व लांबी सारखी धरल्यास १० मिलिमीटर जाडीचा एक पाटा ६ मिलिमीटरच्या साडेचार पाट्यांहून अधिक ताठर भरतो. साहजिकच रिकामी गाडी उडत असे व मागचे चाक क्षणभर जमीन सोडी. शिवाय ॲक्सलची शक्ती मूळचीच राहते. पाटा जाड केल्याने गाडीची भारक्षमता वाढली, असे मानणे ही निव्वळ फसगत होय.

उंचीचा प्रश्न याहून गंभीर. दोन चाकांमधील अंतर १२३ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर धरल्यास स्थिर गाडी हिशेबाने सुमारे ४१ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. तोच मध्य ८० सेंटिमीटरवर गेला की हा कोन ३८ अंशांच्या आत येतो. प्रत्यक्षात पाटे दबतात, टपावर ओझे असते आणि वळणावर गाडी बाहेर फेकली जाते. म्हणून खरी मर्यादा याहून पुष्कळच कमी असते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. प्रथम गाडी सपाट जागी उभी करून चारही टायरांत ठरावीक हवा भरावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर आणि डाव्या-उजव्या बाजूस पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर लिहून घ्यावे. दोन बाजूंत फरक आढळल्यास पाट्यांना बांधून ठेवणारा मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकला असल्याची शंका घ्यावी. नंतर चासी भक्कम घोड्यांवर टेकवावी. विटा किंवा नुसता जॅक यांवर विसंबून कोणीही गाडीखाली जाऊ नये. पाट्यांचा जुडगा शिकंज्यात घट्ट धरल्याशिवाय मधला बोल्ट मोकळा करू नये, कारण दाबलेले पाटे उसळून हात जायबंदी होतो.

चुकीच्या बदलावर दुसरा बदल चढविण्याचा मोह येथे टाळावा. पुढच्या ॲक्सलखाली पाचर बसवून कल परत आणता येतो, हे खरे. परंतु लांब शॅकल तसाच ठेवून पाचर घालणे म्हणजे वाकड्या मेढीला टेकू देणे आहे. मूळ मापाचे शॅकल, मूळ मापाचे पाटे व नवे बुश बसवून मग कल मोजावा. तरीही उणीव राहिली तरच पोलादी पाचर घ्यावी. बसलेल्या पाट्यांना भट्टीत तापवून कमान देण्याचे काम ज्याच्याकडे पाणी चढविण्याची योग्य सोय आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे. नुसते तापवून वाकविलेला पाटा लवकरच पुन्हा बसतो. पाट्याला वेल्डिंग तर कधीच करू नये. त्या ठिकाणी पोलाद ठिसूळ होऊन तो तुटतो.

यू-बोल्ट जुने वापरू नयेत. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा पूर्वीइतका धरीत नाही. बुशमधील बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावर, गाडीचे वजन पाट्यांवर आले असतानाच शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळल्यास रबर पिळले जाऊन लवकर फाटते. ब्रेकचा रबरी नळ या जीपमध्ये उंचीमुळे तारेसारखा ताणला गेला होता. असा नळ बदलावा, आणि चाक पूर्ण खाली लोंबत असतानाही त्यात ढील राहते काय, हे स्वतः पाहावे. शॉकअपही मूळ लांबीचे हवेत. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जोडांतील कोन सारखे आले म्हणजे गाडी उचलताना होणारी थरथर थांबते.

गाडी उंच करण्याचा हा प्रकार कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. म्हणून जुनी जीप घेताना नोंदणीपत्र हातात धरूनच गाडीखाली पाहावे.

उदाहरणातील शेतकऱ्याने रिकामी गाडी घाटातून एकदा खाली व एकदा वर नेली. वळणावर हात सैल सोडताच स्टेअरिंग सरळ येऊ लागले. सुमारे १०० किलोमीटर झाल्यावर त्याने यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले, आणि त्यानंतरच घरची माणसे मागे बसली. ट्रकचा तो जाड पाटा मात्र त्याने भंगारात दिला नाही. पाट्याचे पोलाद कोयत्याला उत्तम. तो गावच्या लोहाराच्या भात्यापाशी पडला आहे.