श्रद्धा शाबूत, आज्ञा मात्र तपासून

बेंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यालगत, 'किऑनिक्स' या कर्नाटक सरकारच्या कंपनीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला घेतली. तिथल्या आयटी कंपन्यांत आज मंगळूर, गोवा, केरळ, तमिळनाडू अशा जुन्या कॅथलिक मुलखांतली मुलंमुली काम करतात. गावी त्यांचं चर्च जन्मानेच ठरलेलं असतं. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळ्याची नोंद त्याच चर्चमध्ये. फादरांचा शब्द मोडायचा तर घरच्यांशी आणि आळीशीही वाकडं घ्यावं लागतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हा धाक उरत नाही. चर्चच्या कायद्याचं १२४८वं कलम तर सांगतं, की रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, कॅथलिक विधीने कुठेही ऐकली, अगदी शनिवारी संध्याकाळी ऐकली, तरी रविवारचं बंधन पाळलं जातं. भाषा, वेळ आणि प्रवचन पाहून चर्च निवडायची मोकळीक अशी खुद्द रोमनेच दिली आहे. शहरात येऊन श्रद्धा पातळ होते, अशी तक्रार नेहमी कानावर येते. मला वाटतं, पातळ होते ती विनाप्रश्न आज्ञा पाळण्याची सवय. त्याला शहरापेक्षाही चर्चने स्वतः टाकलेली पावलं जास्त कारणीभूत आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) रोमन विधीची मिस्सा लॅटिनमध्ये चाले. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत आणि मागे भाविक आपापली जपमाळ ओढत बसत. न कळणाऱ्या भाषेवरून भांडणार तरी कोण? परिषदेने लोकभाषांना दार उघडलं आणि बेंगळुरूत प्रश्न उभा राहिला, लोकभाषा म्हणजे कोणती? कन्नड, तमिळ की कोंकणी? या वादाने तिथल्या महाधर्मप्रांताला कित्येक दशकं घेरलं, आंदोलनं झाली, आर्चबिशपांच्या निर्णयांना उघड विरोध झाला. त्यात भाषिक राजकारण होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उपासना आपल्या तोंडच्या शब्दांत आली की माणूस तिच्यावर हक्क सांगू लागतो, हेही तिथे दिसलं. पुढे १९८३च्या धर्मसंहितेने २१२व्या कलमात हा हक्क मान्यच केला. चर्चच्या हिताबद्दलचं मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडणं हा भाविकांचा अधिकार आहे आणि प्रसंगी कर्तव्यही, असं ते कलम म्हणतं.

असा हक्क सांगणारे लोक मुळात कच्च्या श्रद्धेचे असतात, हा समज केरळने खोटा ठरवला. तिथल्या पूर्व परंपरेच्या, पण रोमशी जोडलेल्या सीरो-मलबार चर्चच्या धर्मसभेने ऑगस्ट २०२१मध्ये सर्वत्र एकसारखी मिस्सा लागू करायचं ठरवलं. तिचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लोकांकडे तोंड करून आणि मधला मुख्य भाग वेदीकडे तोंड करून करायचा होता. एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतात पन्नासएक वर्षं पूर्ण मिस्सा लोकांकडे तोंड करूनच होत आली होती. तिथले बहुसंख्य धर्मगुरू आणि भाविक अडून बसले. डिसेंबर २०२३मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चित्रफितीतून आवाहन केलं, तरी वाद मिटला नाही. धर्मगुरूने कुठे तोंड करावं यासाठी वर्षानुवर्षं भांडणाऱ्यांना धर्माची पर्वा नाही, असं कोण म्हणेल? त्याआधी २०१८मध्ये केरळातल्याच काही सिस्टर्स कोचीत उघड्यावर धरणं धरून बसल्या होत्या. एका सिस्टरने बिशपवर बलात्काराचा आरोप केला होता आणि त्या बिशपांना अटक करावी, ही त्यांची मागणी होती. २०२२मध्ये सत्र न्यायालयाने त्या बिशपांना निर्दोष सोडलं. पण आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि सामान्य कॅथलिक त्यांच्या शेजारी जाऊन बसले, ही गोष्ट त्या निकालाने पुसली जात नाही.

घराच्या चार भिंतींआड तर निर्णय चर्चच्या हातातून कधीच निसटलेला आहे. कृत्रिम संततिनियमन पोप सहावे पॉल यांनी १९६८मध्ये निषिद्ध ठरवलं आणि ती शिकवण आजही तशीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र भारतीय ख्रिस्ती स्त्रियांचा सरासरी जननदर १९९२-९३मध्ये २.८७ होता, तो २०१९-२१मध्ये १.८८वर आला. हे आकडे सर्व पंथांचे मिळून आहेत आणि नैसर्गिक पद्धतींना चर्चची हरकत नाही, हे धरूनही एवढी घट केवळ संयमाने झाली असेल असं मानणं कठीण आहे.

'हे पाश्चिमात्य वारं आहे,' असं म्हणणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास पाहावा. पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाखालची चर्चव्यवस्था, आणि प्रोपागांदा, म्हणजे रोमचं धर्मप्रसार खातं, यांच्यात मुंबईची चर्चेस वाटली गेली होती. १८५३मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या लोकांनी पाद्रोआदोकडे जायचं ठरवलं, तेव्हा रोमने नेमलेले बिशप हार्टमन स्वतः आत ठाण मांडून बसले. बाहेर लोकांचा वेढा पडला आणि अखेर ब्रिटिश प्रशासनाला दारं उघडवावी लागली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अल्पसंख्य समाजाने घरातली भांडणं चव्हाट्यावर आणली, तर त्याचा फायदा विरोधक घेतील, असं अनेकांना मनापासून वाटतं. कर्नाटकात २०२२मध्ये धर्मांतरविरोधी कायदा झाला, तेव्हा बेंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो यांनी जाहीर विरोध केला आणि समाज त्यांच्यामागे उभा राहिला. ते योग्यच होतं. पण बाहेरच्या दडपणाविरुद्ध प्रतिनिधी म्हणून दिलेला पाठिंबा म्हणजे आतल्या कारभाराला दिलेला कोरा चेक नव्हे. आतला हिशेब स्वच्छ असलेल्या संस्थेला बाहेरच्या आरोपांची भीतीही कमी असते.

आणि चर्च म्हणजे लोकशाही नव्हे, हे खरंच आहे. श्रद्धेची तत्त्वं मतदानाने ठरावीत, अशी मागणी या सगळ्यात कुणी केलेली नाही. मागणी आहे ती पैसा, बदल्या, जमिनी, लैंगिक छळाच्या तक्रारी यांबाबत उत्तर मिळण्याची. सध्याच्या कायद्यात प्रत्येक चर्चला अर्थसमिती सक्तीची आहे. चर्चमधल्या भाविकांची पाळकीय परिषद मात्र बिशपच्या मर्जीवर असते आणि ५३६व्या कलमानुसार तिने फक्त सल्ला द्यायचा असतो. ऑक्टोबर २०२४मध्ये रोमच्या सिनडने, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेने, ज्यात स्त्रियांनाही मताधिकार होता, आपल्या अंतिम दस्तऐवजात म्हटलं आहे की 'केवळ सल्ला' या शब्दरचनेचा फेरविचार व्हावा आणि अशा परिषदा सर्वत्र बंधनकारक कराव्यात. पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज मान्य केला. कलम मात्र अजून बदललेलं नाही. रविवारी इलेक्ट्रॉनिक सिटीतून मिस्सेला जाणारा इंजिनियर परिषदेवर निवडून आला, तरी तूर्त त्याच्या मताला सल्ल्याचीच किंमत आहे.