काचेच्या पेटीतलं वारूळ

न्यू जर्सीत थंडी पडली की घरातलं हीटिंग रात्रंदिवस चालू राहतं आणि हवा पार कोरडी पडते. आमचे ओठ फुटतात, पण खरी काळजी असते ती लेकीच्या बॉल पायथनची. (भारतात देशी साप पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. इथे ही जात पाळता येते.) हा छोटा अजगर घाना, टोगो, बेनिनकडचा. तिथे तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतो. वर ऊन रखरखत असलं तरी आत दमटपणा टिकतो. पेटीत 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवायची ती त्यासाठीच.

बरेच जण सकाळ-संध्याकाळ पाणी फवारतात. हायग्रोमीटरचा आकडा झरकन चढतो आणि दिव्याच्या उष्णतेनं थोड्याच वेळात उतरतो. ओल तळात मुरायला हवी. कुंड्यांसाठी वापरतात ते कोकोपीट आणि सोडणाचे तुकडे आम्ही चार बोटं जाड पसरतो आणि कडेकडेनं तांब्यानं पाणी सोडतो. तळातला मूठभर भुसा दाबला की हात ओला व्हावा, थेंब मात्र गळू नये. वरचा थर कोरडाच हवा, कारण ओल्यावर पडून राहिला तर सापाच्या पोटाचे खवले सडतात. जाळीच्या झाकणावर फॉइल लावतो, पण थोडी जाळी मोकळी ठेवून. दमट हवा कोंडली की फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो.

हायग्रोमीटरही तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओलं करायचं आणि मीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा 75 च्या जवळ दिसला पाहिजे.

कात टाकायची वेळ आली की अंगाचा रंग मळतो, डोळे निळसर दुधाळ होतात. तेव्हा ओलं शेवाळ भरलेला एक डबा आत ठेवतो, तो आपणहून त्यात शिरतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. मग तो नाक खरखरीत लाकडावर घासतो, ओठांपाशी कात सुटते आणि उलटी होत शेपटीपर्यंत अखंड निघते. लेक ती उजेडात धरून डोळ्यांवरचे दोन पारदर्शक पापुद्रे आणि शेपटीचं टोक आलंय ना, ते बघते. शेपटीवर कातीचं कडं राहिलं तर रक्तपुरवठा तुटून टोक झडू शकतं.

डोळ्यावरचा पापुद्रा अडकलाच, तर कृपा करून चिमटा लावू नका. खालच्या डोळ्याला कायमची इजा होते. पेटीतली ओल वाढवा आणि सापांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.