चाकणचे यांत्रिक हात, दिघीचा ‘दक्ष’

परिस्थितीची जाणीव, निर्णय आणि हालचाल या तिन्ही गोष्टींची सांगड घालणारे यंत्र म्हणजे रोबो. संवेदक माहिती गोळा करतात, संगणक पुढची कृती ठरवतो आणि मोटारी ती पार पाडतात. यातला निर्णय यंत्रावर किती सोपवायचा, हे कामावर अवलंबून असते.

कारखान्यात पहिला रोबो 1961 मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने कामाला लावला. त्याचे नाव ‘युनिमेट’. आज पुण्याजवळच्या चाकण परिसरातल्या वाहन कारखान्यांत वेल्डिंग, रंगकाम आणि जड भाग उचलणे ही कामे यांत्रिक हात करतात. अशा हाताला सहसा सहा सांधे असतात. पहिले तीन सांधे हाताला हव्या त्या जागी नेतात, उरलेले तीन हत्याराची दिशा साधतात. प्रत्येक सांध्यात सर्व्हो मोटर असते आणि सांधा किती वळला हे मोजणारा एन्कोडर असतो. ‘टीच पेंडंट’ हा नियंत्रक हातात धरून तंत्रज्ञ हा हात एकेका बिंदूवर नेतो आणि ती जागा नोंदवतो. पुढे रोबो तोच क्रम बिनचूक गिरवत राहतो. मात्र पत्रा तो पकडून ठेवणाऱ्या जिगमध्ये काही मिलिमीटर सरकून बसला, तर साधा रोबो वेल्डिंगचा टाका भलत्याच जागी मारतो.

अशा हाताभोवती सुरक्षेसाठी जाळीचे कुंपण असते. माणसासोबत काम करणारे रोबो, म्हणजे ‘कोबॉट’, मात्र हलके असतात आणि अडथळा जाणवताच थांबतात, त्यामुळे ते कामगाराशेजारी चालू शकतात. बजाज ऑटोने 2010 पासून त्यांचा वापर सुरू केला. छोट्या उद्योगांना परवडावा म्हणून पुण्याच्या ‘टाल’ कंपनीने ‘ब्राबो’ हा देशी रोबो 2017 मध्ये बाजारात आणला.

बॉम्ब असू शकेल अशा बेवारस बॅगेपाशी मात्र आधी पढवलेला क्रम कामाचा नाही. पुण्यातल्या दिघीच्या डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत घडलेला ‘दक्ष’ म्हणूनच माणसाच्या हुकमावर चालतो. चाकांवरचा हा रोबो जिने चढतो, क्ष-किरणांनी बॅगेचे अंतरंग दाखवतो आणि गरज पडल्यास पाण्याचा जोरदार झोत मारून स्फोट होण्याआधीच बॉम्बची जुळणी विस्कटतो. जवान सुमारे 500 मीटर दूर राहून कॅमेऱ्यातले दृश्य पाहतो. पुढे काय करायचे, हे तोच ठरवतो.

पढवलेला क्रम गिरवणारा आणि माणसाच्या हुकमावर चालणारा, या दोन प्रकारच्या रोबोंमधले अंतर आता कमी होत आहे. कॅमेरा जोडलेले यांत्रिक हात पेटीत अस्ताव्यस्त पडलेले सुटे भाग ओळखून उचलतात. जागा नेमून दिलेली नसली, तरी ती शोधण्याचे काम तेवढ्यापुरते यंत्राकडे आले आहे.