अनुदिनीसाठी विश्वासार्ह वेब होस्टिंगची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
अध्यापकांचे लेखन आज ग्रंथ व नियतकालिके यांपुरते मर्यादित राहिलेले नाही. व्याख्यानांची टिपणे, ग्रंथपरीक्षणे, क्षेत्रभेटींची वर्णने असे पुष्कळ लेखन अनुदिनी म्हणजेच ब्लॉगच्या रूपाने प्रसिद्ध होते. विद्यार्थी त्याचा आधार घेतात व प्रबंधांत त्याचे संदर्भ येतात. छापील अंकाची प्रत ग्रंथालयात उरते. अनुदिनी मात्र ज्या सर्व्हरवर असते, तो बंद पडल्यास एका दिवसात नाहीशी होऊ शकते. मोफत संकेतस्थळांची 'जिओसिटीज' ही सेवा याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये जपान वगळता सर्वत्र बंद केली. 'टाइपपॅड' ही तर २००३ पासूनची सशुल्क सेवा. तीही ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली आणि पूर्वसूचनेनंतर लेखकांना जेमतेम महिनाभराचा अवधी मिळाला. म्हणून होस्टिंगची निवड करताना कोणते निकष लावावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. होस्टिंगचे प्रकार :
ब्लॉगरसारख्या मोफत सेवेत देखभालीची चिंता नसते. परंतु नियम सेवादात्याचे असतात. सामायिक होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदतात. त्याचा खर्च कमी असतो. पण शेजारच्या संकेतस्थळावर गर्दी वाढल्यास आपलेही संकेतस्थळ मंदावू शकते. स्वतंत्र आभासी सर्व्हरवर राखीव क्षमता मिळते, मात्र तो सांभाळण्याचे तांत्रिक ज्ञान आवश्यक ठरते. बहुतांशी मजकूर असलेल्या, मर्यादित वाचकांच्या अनुदिनीस पहिले दोन प्रकार सहसा पुरेसे होतात. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून निर्णय घेऊ नये; नूतनीकरणाचा दर अनेकदा बराच अधिक असतो.

२. अखंड सेवेचे आश्वासन :
जाहिरातींतील '९९.९ टक्के' हा आकडा तपासून पाहावा. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर या हिशेबाने सुमारे पावणेनऊ तासांचा खंड आश्वासनात बसतो. ९९ टक्के असल्यास तो साडेतीन दिवसांहून अधिक होतो. शिवाय नियोजित दुरुस्तीचा वेळ बहुधा त्यात धरला जात नाही आणि भरपाई म्हणून शुल्कातील काही अंशच परत मिळतो. गेलेल्या लेखनाची भरपाई कोणताही करार करीत नाही.

३. लेखनाच्या प्रती :
१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या आवारात आग लागून एक डेटा सेंटर पूर्णतः नष्ट झाले. ज्या ग्राहकांच्या बॅकअप प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी काहींची माहिती कायमची गेली. यावरून दोन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : बॅकअप किती दिवसांनी घेतला जातो, आणि तो कोठे ठेवला जातो? उत्तर समाधानकारक असले, तरी महिन्यातून एकदा संपूर्ण अनुदिनी निर्यात करून तिची प्रत आपल्या संगणकावर व अन्यत्र ठेवावी. ब्लॉगर व वर्डप्रेस या दोहोंत निर्यातीची सोय आहे.

४. देवनागरी मजकूर :
मराठी लेखकाने एक गोष्ट विशेषत्वाने पाहावी. डेटाबेस युनिकोडसाठी योजलेला नसेल, तर स्थलांतरात देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात व मूळ मजकूर परत मिळत नाही. म्हणून जुनी अनुदिनी हलविण्यापूर्वी एक जोडाक्षरयुक्त लेख चाचणीसाठी चढवून पाहावा.

५. डोमेन नाव :
डोमेन नाव स्वतःच्या नावावर नोंदवावे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्या व्यावसायिकाच्या नावावर नव्हे. शक्यतो ही नोंदणी होस्टिंगपेक्षा वेगळ्या ठिकाणी ठेवावी. तसे केल्यास सर्व्हर बदलला, तरी वाचकांकडील व प्रबंधांतील पत्ता तोच राखता येतो. मुदत संपण्याची तारीख मात्र विसरू नये.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कधीच बंद पडणार नाही असा सेवादाता शोधणे व्यर्थ आहे. ज्याच्याकडून आपले लेखन अखंड स्वरूपात आणि त्याच पत्त्यासह बाहेर काढता येते, तोच विश्वासार्ह मानावा. होस्टिंग ही भाड्याची जागा होय. लेखन व नाव ही मात्र आपली मालमत्ता आहे. जागा घेतानाच ती सोडण्याची वाट पाहून ठेवणे, हे अध्यापकाचे विद्यार्थ्यांप्रती असलेले कर्तव्यही आहे.