संगणकावर खेळ घडविताना

भ्रमणध्वनीवर खेळ न खेळलेला विद्यार्थी आज पनवेल परिसरात क्वचितच सापडेल. तो खेळ कसा घडतो हे जाणणारा मात्र त्याहून विरळा. इतरांनी रचलेल्या खेळात बोटे चालविणे वेगळे आणि खेळाचे नियम स्वतः लिहिणे वेगळे. वसतिगृहातील मुलामुलींनी हे अंतर ओलांडावे, म्हणून आम्ही ही रीत येथे मांडीत आहोत. ती विनामूल्य असून जुना संगणकही तिला पुरतो.

पायथन ही संगणकभाषा नेदरलँड्सचे गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर बीबीसीच्या ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी मालिकेवरून आले. चित्रे, ध्वनी व कळफलक हाताळणारा ‘पायगेम’ हा संच २००० पासून उपलब्ध आहे.

विंडोजवर पायथन बसविताना ‘पाथ’मध्ये नोंद करण्याच्या चौकटीत खूण अवश्य करावी, अन्यथा संगणकाला पायथन सापडत नाही. अगदी ताज्या आवृत्तीचा मोह टाळून, जिच्यासाठी पायगेम तयार मिळते तीच आवृत्ती घ्यावी. त्यानंतर ‘व्हेनव्ह’ या सोयीने प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र कार्यकक्ष तयार करावा. एकाच संगणकावर अनेकजण पाळीपाळीने बसतात. एकाच्या प्रयोगाने दुसऱ्याचे काम बिघडू नये, हा त्यामागील हेतू. कक्ष सुरू करून ‘पिप इन्स्टॉल पायगेम’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी.

इंटरनेट बेभरवशाचे असेल, तर एका संगणकावर ‘पिप डाउनलोड’ने फायली उतरवून पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. इतर संगणकांवर ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय देऊन त्या बसविता येतात. मात्र सर्वत्र पायथनची आवृत्ती व विंडोजचा प्रकार एकच हवा. पायगेमसोबत येणारा ‘एलियन्स’ हा नमुना-खेळ चालला, म्हणजे मांडणी ठीक झाली असे समजावे. आपल्या फायलीस ‘पायगेम’ हे नाव मात्र देऊ नये. पायथन मूळ संचाऐवजी तीच फाइल उघडते.

प्रत्येक खेळाच्या गाभ्याशी एक आवर्तन असते : कोणती कळ दाबली ते पाहणे, वस्तूंच्या जागा बदलणे, चित्र पुन्हा रेखाटणे. हे सेकंदाला ६० वेळा घडते. चेंडू दर आवर्तनात ५ बिंदू सरकला, तर सेकंदात ३०० बिंदू जातो आणि ६०० बिंदू उंचीचा पडदा २ सेकंदांत पार करतो. गणिताच्या वहीतील वेग येथे डोळ्यांसमोर धावतो. एवढेच ध्यानी ठेवावे, की पडद्यावर खालची दिशा ही वाढत्या अंकांची असते.

चूक झाली की लांबलचक इंग्रजी मजकूर उमटतो. मुले त्याला बिचकतात. त्यांना प्रथम शेवटची ओळ वाचण्यास सांगावे. चुकीचा प्रकार तेथे, तर ओळीचा क्रमांक तिच्या वर असतो. शिवाय ‘गुण’, ‘वेग’, ‘जीव’ अशी नावे देवनागरीतही देता येतात. पायथन ३ ला ती चालतात. पुढील अभ्यासासाठी मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतून उपलब्ध आहेत.

इंग्रजी कच्चे म्हणून संगणक आपल्यासाठी नाही, असे एकाही मुलाने मानू नये. पहिला चेंडू पडद्यावर उसळला, की ही समजूत ते स्वतःच मोडून काढतील.