विश्लेषण : झेंडा पडला की सुटायचे... जुन्या ‘ड्रॅग रेसिंग’ची ओढ अजून का?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात बेकर्सफिल्ड शहराजवळ फमोसो नावाची धावपट्टी आहे. अंधार पडला की तिथे साठ-साठ वर्षे जुन्या शर्यतीच्या मोटारी एका ओळीत आणल्या जातात. मागून दुसरी गाडी त्यांना ढकलते, इंजिन धडधडत पेटते, धुराड्यांतून ज्वाळा निघतात. डोळे चुरचुरत असतानाही प्रेक्षक टाळ्या वाजवतात. शर्यत मात्र होतच नाही. लोक आलेले असतात ते केवळ हा आवाज ऐकायला. ‘कॅकलफेस्ट’ नावाचा हा कार्यक्रम २००० मध्ये सुरू झाला आणि पुढे इतर धावपट्ट्यांवरही पोहोचला. आजच्या ड्रॅग रेसिंगमधील सर्वात वेगवान मोटारी ताशी ५०० किलोमीटरचा टप्पा सहज ओलांडतात. मग त्यांच्यापुढे मंद ठरणाऱ्या जुन्या गाड्यांचे एवढे वेड का? तंत्रज्ञानाने या खेळाला काय दिले आणि त्यातून काय काढून घेतले?

ड्रॅग रेसिंग म्हणजे काय?

सरळ धावपट्टी, शेजारी-शेजारी उभी असलेली दोन वाहने, जागेवरून सुरुवात आणि आधी पोहोचेल तो विजेता, एवढाच हा खेळ. वळणे नाहीत, चकरा नाहीत. परंपरेने अंतर पाव मैलाचे, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. हरणारा बाद होतो, जिंकणारा पुढच्या फेरीत जातो.

यात एक गंमत आहे. धावेचे घड्याळ सुरू होते ते गाडी हलल्यावर, हिरवा दिवा लागल्यावर नव्हे. त्यामुळे हिरवा दिवा लागताच सुटणारा चालक कमी वेगवान गाडी घेऊनही जिंकू शकतो. गाडी किती जोरात धावली याइतकेच माणूस किती चटकन सुटला यालाही इथे महत्त्व आहे. जुन्या काळाबद्दलच्या साऱ्या हळहळीचे मूळ या दुसऱ्या भागात आहे.

या खेळाची सुरुवात कशी झाली?

दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळांवर दुसऱ्या महायुद्धाआधीपासून तरुण आपल्या जुन्या फोर्ड गाड्या पळवत असत. युद्ध संपले. यंत्रांची माहिती आणि खिशात थोडे पैसे असलेले तरुण सैनिक घरी परतले. त्यांच्या शर्यती शहरातील रस्त्यांवर होऊ लागल्या. अपघात वाढले, तशी पोलिसांची आणि वृत्तपत्रांची नाराजीही वाढली.

१९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक सुरू झाले. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. पोरांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी न्यायचे, हा तिचा हेतू. त्याआधीच, १९५० मध्ये, सी. जे. ‘पॅपी’ हार्ट यांनी सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू केल्या होत्या. १९५३ मध्ये पमोना येथे संघटनेची पहिली अधिकृत शर्यत झाली ती जत्रेच्या मैदानातील वाहनतळावर. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे भरली.

या गाड्या कारखान्यातून येत नव्हत्या. भंगारातून इंजिन आणायचे, बस आणि ट्रकच्या डिझेल इंजिनावरचा हवा कोंबणारा ‘ब्लोअर’ त्यावर बसवायचा, नळ्या जोडून सांगाडा उभा करायचा. आठवडाभर गॅरेजमध्ये राबणारा मेकॅनिक रविवारी शर्यतीचा चालक व्हायचा. ‘हे मलाही जमेल’ असे प्रेक्षकाला वाटण्याइतका हा खेळ त्याच्या जवळचा होता.

झेंडा जाऊन दिवे आले, तेव्हा काय बदलले?

सुरुवातीच्या काळात शर्यत सोडण्यासाठी दोन्ही गाड्यांच्या पुढे एक माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा. काही झेंडेवाले हवेत उंच उडी घेऊन झेंडा फिरवत आणि प्रेक्षकांचे आवडते होत. चालकाची नजर झेंड्याइतकीच त्या माणसाच्या अंगावर असे. खांदा कधी ताठतो, गुडघा कधी वाकतो, यावरून झेंडा कधी उठणार याचा अंदाज बांधायचा. समोरच्याला फसवायचे, चिथवायचे, थांबवून ठेवायचे हा शर्यतीचाच भाग होता.

१९६३ मध्ये ‘ख्रिसमस ट्री’ आला. हा दिव्यांचा खांब. पिवळे दिवे क्रमाने लागतात, मग हिरवा. त्याआधी सुटलात तर लाल दिवा आणि थेट पराभव. चाकाने प्रकाशाची अदृश्य रेषा ओलांडली की हजारांश सेकंदापर्यंत नोंद होते. ‘झेंडेवाला त्याच्या बाजूचा होता’ ही तक्रार संपली. दोन मोटारींच्या तोंडापुढे माणसाला उभे करण्याचा धोकाही संपला. पण डोळ्याला डोळा भिडवण्याचा खेळही त्याबरोबर गेला.

चालकाच्या हाती नेमके काय होते?

त्या काळातील सर्वात वेगवान गाडीला ‘स्लिंगशॉट’, म्हणजे बेचकी म्हणत. इंजिन पुढे आणि चालक थेट मागच्या चाकांच्याही मागे, बेचकीतल्या दगडासारखा. पुढे इंजिन असल्याने नीट दिसत नसे. तेलाचे शिंतोडे गॉगलवर येत. क्लच आणि गिअरचा भाग त्याच्या दोन पायांच्या मधोमध फिरत असे.

टायर आजच्यासारखे जमिनीला धरून ठेवणारे नव्हते. चाके जवळपास अख्खी पाव मैल गरगर फिरत राहत आणि गाडीमागे धुराचा पडदा उभा राही. जास्त ताकद दिली की चाके जागीच फिरणार, कमी दिली की शेजारचा पुढे जाणार. हा तोल सांभाळायचा तो उजव्या पायाने. धाव संपली की स्पार्क प्लग काढायचे, त्यांचा रंग आणि झीज पाहायची, इंजिनाचा आवाज आठवायचा आणि पुढच्या फेरीत इंधन किती वाढवायचे ते ठरवायचे. अनुभवी मेकॅनिकचा कान हेच त्या काळचे मोजमापाचे उपकरण होते.

इंधनही साधे नव्हते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेत इंजिन पेट्रोलच्या तुलनेत कितीतरी जास्त इंधन जाळू शकते. ताकद प्रचंड वाढते, तसा स्फोटाचा धोकाही. याच कारणाने संघटनेने १९५७ मध्ये त्यावर बंदी घातली. बंडखोर चालकांनी मग इतर धावपट्ट्या धरल्या. १९५९ मध्ये फमोसोवर भरलेल्या मोठ्या शर्यतीला फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स आले. जिंकले मात्र कॅलिफोर्नियाचे आर्ट क्रिसमन. १९६३ पासून ही बंदी उठू लागली. म्हणजे तंत्रज्ञान किती असावे, हा वाद ‘जुन्या सोनेरी काळात’ही होताच.

संगणकाने काय केले?

वेग वाढत गेला. गार्लिट्स यांनी १९६४ मध्ये ताशी २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरचा टप्पा अधिकृतपणे ओलांडला. एडी हिल यांनी १९८८ मध्ये पाव मैल प्रथमच पाच सेकंदांच्या आत पार केला. केनी बर्नस्टीन यांनी १९९२ मध्ये ताशी ३०० मैलांची, म्हणजे सुमारे ४८३ किलोमीटरची सीमा मोडली.

यातील शेवटच्या टप्प्यात माहिती नोंदवणाऱ्या यंत्रांचा वाटा मोठा आहे. १९८० च्या दशकात ही यंत्रे गाड्यांवर बसू लागली. इंजिनाचे फेरे, क्लचची घसरण, धुराड्यांचे तापमान यांचे आलेख धावेनंतर पडद्यावर दिसू लागले. कानाची जागा आलेखाने घेतली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सर्वोच्च ‘टॉप फ्यूएल’ गटात संगणक गाडी चालवत नाही. धावेदरम्यान चाकांची घसरण ओळखून आपोआप ताकद कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेला तिथे बंदी आहे. क्लच किती वेळाने किती घट्ट व्हावा हे आधीच लावून ठेवलेले टायमर ठरवतात. पण त्यामुळेच शर्यतीचा मोठा भाग सुरुवातीच्या रेषेआधीच ठरलेला असतो.

हौशी चालकांच्या गटांत बदल अधिक बोचरा आहे. तिथे ‘डिले बॉक्स’ नावाचे छोटे उपकरण आले. चालक पहिला पिवळा दिवा दिसताच बटण सोडतो. उरलेले हजारांश सेकंद डबी मोजते आणि गाडी सोडते. काही गटांत ठरलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचणे हीच चूक असते, म्हणून टायमर लावून धावेच्या मध्येच इंजिनाचा श्वास आवळला जातो. जोरात धावण्याच्या खेळात गाडी मुद्दाम रोखायची, हे जुन्या मंडळींच्या पचनी पडत नाही. त्यामुळेच अनेक धावपट्ट्यांवर अशा उपकरणांना बंदी असलेले वेगळे गट ठेवावे लागतात.

मग जुने तेच सोने?

नाही. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स धावपट्टीवर सुरुवातीच्या रेषेवरच गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. एक प्रेक्षकही गंभीर जखमी झाला. अंथरुणावर असतानाच गार्लिट्स यांनी इंजिन चालकाच्या मागे ठेवणाऱ्या गाडीचा विचार पक्का केला. १९७१ मध्ये ती जिंकू लागली आणि काही वर्षांतच बेचकीची घडण मुख्य स्पर्धांतून नाहीशी झाली. आज जिच्या आठवणीने लोक हळवे होतात, ती गाडी हद्दपार केली ती तिच्याच सर्वात मोठ्या चालकाने.

त्या काळाची दारे सर्वांना उघडीही नव्हती. शर्ली मल्डाउनी यांना टॉप फ्यूएल चालवण्याचा परवाना १९७३ मध्ये मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९७७, १९८० आणि १९८२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

आणि आधुनिक तंत्रज्ञानानेही धोका संपला नाही. २००८ मध्ये न्यू जर्सीत स्कॉट कॅलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर सर्वात वेगवान दोन गटांसाठी अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणले गेले. खेळाची ओळख असलेले अंतरच वेगापायी सोडावे लागले.

ही ओढ आज कशी भागवली जाते?

नियम उलटे फिरवून. १९९२ मध्ये फमोसोवर जुन्या चालकांचे संमेलन सुरू झाले. तिथली पूर्वीची मार्च महिन्यातील शर्यत आज जुन्या घडणीच्या गाड्यांसाठी ओळखली जाते. इंजिन पुढे असलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट असतात, इलेक्ट्रॉनिक मदतीवर बंधने असतात. मात्र आगरोधक पोशाख आणि भक्कम संरक्षक पिंजरा आजच्या काळातला. धोका नको, अनिश्चितता हवी, असा हा हिशेब आहे.

अडचण जागेची आहे. लायन्स धावपट्टी आवाजाच्या तक्रारींनंतर २ डिसेंबर १९७२ रोजी बंद झाली. न्यू जर्सीतील इंग्लिशटाउनच्या ड्रॅग शर्यती २०१८ मध्ये थांबल्या, डेन्व्हरजवळची बँडिमेअर २०२३ मध्ये बंद झाली. शहरे पसरतात, जमिनीचे भाव चढतात आणि शर्यतींना जागा उरत नाही. गाडी पुन्हा बांधता येते, धावपट्टी परत मिळत नाही.

आपल्याकडे याचे काय?

या काळाची एक खूण अनेक मराठी घरांत खेळण्यांच्या डब्यात सापडेल. डॉन ‘स्नेक’ प्रुडहोम आणि टॉम ‘मंगूस’ मॅकइवेन, म्हणजे साप आणि मुंगूस, या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांना १९७० मध्ये ‘हॉट व्हील्स’ने पुरस्कृत केले आणि त्यांच्या छोट्या प्रतिकृती बाजारात आणल्या. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरली, तेव्हा आपल्याकडेही सांता आनाचीच युक्ती कामी आली : रस्त्यावर नको, धावपट्टीवर पळा.

राहता राहिले गार्लिट्स. जुन्या काळाचा हा नायक २०१४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, बॅटरीवर चालणारी गाडी घेऊन धावपट्टीवर उतरला आणि ताशी १८४ मैलांचा, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटरचा वेग गाठला. तिला ना ज्वाळा होत्या, ना धडधड. गाडी स्वतः घडवायची आणि स्वतःच चालवून पाहायची, ही त्यांची जुनी सवय मात्र कायम होती. फमोसोवर अंधारात टाळ्या वाजवणारे लोक बहुधा यंत्रापेक्षा याच सवयीला दाद देत असतात.